वाऱ्याची वाटणी

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघालं आणि नक्षत्रवाडी मागे पडली, की थोड्याच वेळात चितेगावची कारखान्यांची रांग सुरू होते. इथे सायकल कुणाला नवी नाही. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे गावाचं नाव दूरवर पोचलं होतं, त्या काळापासून पहिल्या पाळीचे कितीतरी कामगार डबा कॅरिअरला अडकवून सायकलवरच आले. आता त्याच रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या सुमाराला हेल्मेट घातलेली पाच-सहा माणसं दिसतात. एकामागे एक, हातभर अंतर ठेवून, बिडकीनच्या दिशेनं जोरात निघालेली. टपरीवर चहा पिणारे विचारतात, “इतक्या चिकटून कशाला चालवता? रस्ता तर मोकळा आहे.” या प्रश्नाच्या उत्तरात सायकल शर्यतीचा निम्मा खेळ आहे, म्हणून ते नीट द्यावंसं वाटतं.

मी चितेगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला फिटर आहे. आमच्या संघात शाळेत पी.टी. शिकवणारे सर आहेत. दवाखान्यात नर्स असलेली ताई आहे. कपाशी आणि मोसंबी करणारे मामा आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, पण सपाट रस्त्यावर त्यांच्या बरोबरीनं ओढणं भल्याभल्यांना जमत नाही. आणि सकाळचं दूध घालून येणारा बारक्या आहे. अंगानं काडी, पण चढ दिसला की वारं प्यालेलं वासरू. कुणाचंही पोट सायकलवर नाही. ड्यूटी, शेत, शाळा, घर सांभाळून उरलेल्या वेळात आम्ही तयारी करतो आणि आसपास कुठे खुल्या गटाची शर्यत असली की नाव देतो. कधी डांबरी रस्त्यावरची, कधी डोंगरातली. हौशी स्पर्धक म्हणतात ते आम्हीच.

हवेचा हिशेब

सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या पुढे गेलं, की सायकलस्वाराची बहुतेक ताकद समोरची हवा बाजूला सारण्यात खर्च होते. टायर आणि चेनचं घर्षण त्या मानानं किरकोळ. शिवाय हवेचा हिशेब वेगाच्या प्रमाणात चालत नाही. वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याला पुरून उरायला आठपट ताकद लागते.

मोटरवरचे किलोवॅट रोज वाचणाऱ्या माणसाला हे आकड्यांत चटकन कळतं. माझ्यासारख्या सत्तर-पंचाहत्तर किलोच्या स्वाराला वारा पडलेला असताना सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरचा वेग राखायला अंदाजे १४० वॅट लागतात. ३५ साठी अंदाजे २१०. म्हणजे वेग वाढला एक षष्ठांशानं आणि खर्च झाला दीडपट. आता तोच स्वार दुसऱ्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक लावून चालला, तर त्याच्यावरचा हवेचा विरोध साधारण पाव ते एक तृतीयांशानं कमी होतो. २१० वॅटचं काम १६० मध्ये भागतं. याला ड्राफ्टिंग म्हणतात. पुढच्यालाही मागच्याचा थोडा उपयोग होतोच. त्याच्या पाठीशी जी पोकळी तयार होऊन त्याला मागे खेचत असते, ती मागच्या स्वारामुळे काहीशी भरून निघते.

घोळका मोठा असेल तर फायदा आणखी वाढतो. बर्ट ब्लोकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. संगणकावरची गणितं आणि विंड टनेलमधल्या छोट्या प्रतिकृती, अशा दोन्ही बाजूंनी त्यांनी मोजमाप केलं. घोळक्याच्या आत, मागच्या बाजूला असलेल्या स्वाराला एकट्यानं चालवताना सोसावा लागतो त्याच्या अवघा पाच ते दहा टक्के हवेचा विरोध सोसावा लागतो, असं त्यातून दिसलं.

या एका गोष्टीवर रोड रेसिंगचे सगळे डावपेच उभे आहेत. एकटा पळून गेलेला गडी बहुतेक वेळा का सापडतो? कारण तो एकटा हवा कापतोय आणि मागे वीस जण ती वाटून घेताहेत. टूर दे फ्रान्स १९०३ साली सुरू झाली. आज तिथे प्रत्येक संघात आठ जण असतात आणि त्यातले बहुतेक जण एका म्होरक्यासाठी राबतात. त्याला वाऱ्यापासून झाकायचं, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या, चाक बिघडलं तर प्रसंगी स्वतःचं काढून द्यायचं. आम्ही हौशी माणसं कुणाला कायमचा म्होरक्या करत नाही. रस्ता बघून ठरवतो. शेवटी चढ असेल तर बारक्यासाठी. सपाटीवर जोराची शेवटची धाव असेल तर सरांसाठी. ज्याच्यासाठी ठरलं, त्यानं मग वाऱ्यात यायचं नाही, हा नियम.

बारी कशी घ्यायची

पुढे राहून ओढण्याची प्रत्येकाची बारी असते. आमची साधारण मिनिटभराची, उलटा वारा असेल तर त्याहून कमी. बारी संपली की पुढचा कोपर हलवून खूण करतो, बाजूला सरकतो आणि पायातला जोर थोडा कमी करतो. बाकीचे त्याच्या शेजारून पुढे निघतात. तो रांगेच्या शेवटी जाऊन चिकटतो. खरी कसोटी याच वेळी लागते. शेवटचं चाक जवळ आलं की ते सुटायच्या आधीच पायात पुन्हा जोर भरावा लागतो. क्षणभर उशीर झाला तर दोन हातांची फट पडते, आणि ती भरून काढायला ओढण्यापेक्षा जास्त दम जातो.

नव्या माणसाला सर पहिली गोष्ट सांगतात ती वेगाची. पुढे आलास की वेग वाढवायचा नाही, आहे तोच राखायचा. जोमदार पोराला हे पटत नाही. पुढे आलो म्हणजे ताकद दाखवायची, असं त्याला वाटतं. तो एकदम अडतीसवर नेतो, रांग तुटते, मागचे दोघं सुटतात. पाच जणांचा संघ तिघांचा झाला, म्हणजे त्याच्या स्वतःच्या बाऱ्या वाढल्या आणि विसावा कमी झाला. रांग अखंड ठेवणारा स्वार संघाच्या जास्त कामाचा, हे एकदा कळलं की माणूस वेगळाच सायकल चालवायला लागतो. कुणाला दम लागलाय हे श्वासावरून ओळखतो. थकलेल्याला बारी टाळून मागेच राहायला सांगतो, आणि थकलेलाही लाज न बाळगता तसं सांगतो.

रांगेतल्या माणसाला समोर दिसते ती फक्त पुढच्याची पाठ. म्हणून पुढच्यानं बोलत राहायचं. “खड्डा!”, “खडी!”, “ब्रेकर!” सोबत हातानं बाजू दाखवायची. शेवटचा मागून येणाऱ्या वाहनांवर कान ठेवतो आणि “गाडी!” म्हणून ओरडतो. उसाच्या हंगामात या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना ऊस बाहेर आलेला असतो आणि गाण्यांच्या आवाजात चालकाला आमची हाक ऐकू जात नाही. अशा वेळी कितीही वेग असला तरी रांग मोडून एकेकानं जायचं, हे आमच्यात ठरलेलं आहे. नाथषष्ठीच्या दिवसांत दिंड्या पैठणकडे चाललेल्या असतात. त्या काळात या रस्त्यावर वेगाचा सराव करतच नाही.

पैठण रस्त्यावरचा आडवा वारा

आमचा रस्ता साधारण उत्तर-दक्षिण आहे. पावसाळ्यात वारं पश्चिमेकडून वाहतं. म्हणजे पैठणकडे जाताना ते उजव्या अंगावर येतं आणि परतताना डाव्या. वारा आडवा असला की पुढच्याच्या थेट मागे राहून उपयोग नसतो. आडोसा तिरका सरकलेला असतो. पैठणकडे जाताना तो पुढच्याच्या मागे, थोडा डावीकडे मिळतो. म्हणून पहिला स्वार उजवीकडे, दुसरा त्याच्या मागे थोडा डावीकडे, तिसरा आणखी डावीकडे, अशी तिरपी ओळ तयार होते.

रस्त्याची रुंदी मात्र तेवढीच. आपल्या बाजूच्या अर्ध्या रस्त्यात अशा तिरप्या ओळीत चार-पाच जणच मावतात. सहाव्याच्या वाट्याला साइडपट्टी येते, आडोसा नाही. तो डांबराच्या कडेला, एकट्यानं वारा खात झगडत राहतो आणि अखेर सुटतो. परदेशातल्या मोठ्या शर्यतींत आडव्या वाऱ्याचा पट्टा आला की अनुभवी संघ मुद्दाम पुढे येऊन वेग वाढवतात. दहा मिनिटांत घोळक्याचे तुकडे होतात.

आमच्यासाठी यातून एक वेगळाच नियम निघाला. जाताना वारा उजवीकडून असतो, त्यामुळे ओळ आतल्या बाजूला, साइडपट्टीकडे फाकते. परतताना वारा डावीकडून येतो. तिरपी ओळ धरायची म्हटलं तर पहिला कडेला आणि पुढचा प्रत्येक जण अधिकाधिक रस्त्याच्या मध्यभागी, थेट मागून येणाऱ्या ट्रकच्या वाटेत. रस्ता बंद करून घेतलेल्या शर्यतीत हे चालतं. वाहत्या रस्त्यावर अजिबात नाही. त्यामुळे पावसाळ्यात परतीला आम्ही सरळ एकेरी रांग धरतो, आडोसा मिळाला नाही तरी. दमछाक होते, पण माणसं सगळी घरी येतात. मामा म्हणतात, “शर्यत पुढच्या वर्षीबी हाय.”

घाटात आपापलं

चढावर सगळं गणित बदलतं. आमचा चढ म्हणजे दौलताबाद, खुलदाबाद आणि तिथून म्हैसमाळ. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५६८ मीटरवर आहे आणि म्हैसमाळचं पठार साधारण १०६७ मीटरवर. शहरातून निघालं तर सुमारे चाळीस किलोमीटरमध्ये पाचशे मीटर उंची चढायची. सगळा रस्ता चढाचा नाही, मध्ये उतार आणि सपाटीही आहे. त्यामुळे प्रत्यक्ष चढण येते ती तुकड्या-तुकड्यांत आणि तीव्र. चढावर वेग दहा-बारावर आला की हवा फारशी आडवी येत नाही. आता भांडण स्वतःच्या वजनाशी. किती वॅट काढता याला महत्त्व उरत नाही, आपल्या प्रत्येक किलोमागे किती काढता याला असतं. मामांची ताकद बारक्यापेक्षा जास्त आहे, पण वजन त्याहून जास्त आहे.

मग चढावर संघ काय कामाचा? चढ सुरू व्हायच्या आधी कामाचा. आपल्या चढणाऱ्या माणसाला पायथ्यापर्यंत ताजातवाना आणायचा आणि घोळक्याच्या पहिल्या चार-पाचांत आणायचा, हे संघाचं काम. चढ लागताच पुढच्या कुणाचा गिअर अडखळला तर मागचे सगळे अडकतात, म्हणून जागा महत्त्वाची.

गेल्या हिवाळ्यातली एक शर्यत मला या दृष्टीनं फार मोलाची वाटते. शेवट चढावर होता, म्हणून बारक्यासाठी चालवायचं ठरलं. पहिल्या टप्प्यात तिघं जण सुटून पुढे गेले आणि मागच्या घोळक्यात कुणी त्यांचा पाठलाग करायला तयार होईना. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता. मामा काही न बोलता पुढे गेले, दांड्यावर वाकले आणि ओढायला लागले. मी आणि सर मधूनमधून बारी घेत होतो, पण बहुतेक ओढ त्यांचीच. पायथा दोन-तीन किलोमीटरवर राहिला तेव्हा सुटलेले तिघं हाकेच्या अंतरावर आले. मामा बाजूला झाले, डोकं खाली घालून, तोंडानं श्वास घेत. बारक्या त्यांच्या शेजारून पुढे गेला तेव्हा त्यांनी हात वर करून फक्त समोर दाखवलं. बारक्या त्या दिवशी दुसरा आला. मामा चढ चढून वर पोचले तोवर बक्षीस समारंभाची मांडामांड चालली होती. पाणी प्यायले आणि त्यांनी पहिली चौकशी केली ती बारक्याची.

घाटाच्या मानाची महाराष्ट्राला जुनी ओळख आहे. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत खोपोलीनंतर बोरघाट लागतो आणि तो सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ हा किताब मिळतो. टूर दे फ्रान्समध्ये असाच मान आहे. १९७५ पासून त्यासाठी लाल ठिपक्यांची पांढरी जर्सी दिली जाते. बोरघाट गाजवणाऱ्या स्वारांची नावं आमच्याकडच्या जुन्या सायकल दुरुस्तीवाल्यांना तोंडपाठ असतात.

मुरूम, सराटे आणि डोंगरवाटा

रस्त्यावरून डोंगरात शिरलं की खेळ पुन्हा वेगळा. शहराच्या दक्षिणेला सातारा परिसराचे डोंगर आहेत, आमच्यापासून जवळ. काळा बेसाल्ट, त्यावर सैल मुरूम, ओढ्यानं कापलेल्या घळी, गुरांनी पाडलेल्या पायवाटा. माउंटन बाइकसाठी याहून चांगली शाळा नाही.

या खेळाचं वय जास्त नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत, काही तरुण जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून शर्यती लावायला लागले. त्यांची पहिली ठरवून घेतलेली शर्यत ऑक्टोबर १९७६ मधली. उतार इतका तीव्र होता की मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि दर फेरीनंतर ते नव्यानं भरावं लागायचं. त्याच पोरांमधून पुढे गॅरी फिशर, जो ब्रीझ यांच्यासारखे सायकल बनवणारे निघाले. वीस वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, क्रॉस-कंट्री शर्यत दाखल झाली. आपल्याकडे संगमनेरच्या प्रणिता सोमण हिनं या प्रकारात राष्ट्रीय पातळीवर नाव मिळवलं. तालुक्याच्या गावातून हे होऊ शकतं, हे ताई नव्या मुलींना आवर्जून सांगते.

डोंगरात आमची म्होरकी ताईच. तिचं पहिलं शिक्षण नजरेचं. दगडाकडे बघितलं तर चाक दगडावरच जातं. म्हणून जायची वाट बघायची, दगड नाही. दुसरं, उतारावर सीटवर बसून राहायचं नाही. पेडल आडवी धरून उभं राहायचं, कंबर मागे, कोपरं सैल. तिसरं, पुढचा ब्रेक एका बोटानं आणि हळू. डोंगरात ड्राफ्टिंगचा फारसा उपयोग नाही, तरी सोबती लागतोच. शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळे मिळून वाट पायी फिरतो. घळ कुठून ओलांडायची, कुठे उतरून सायकल खांद्यावर घेणं जलद पडेल, हे एकेकानं सुचवायचं आणि दुसऱ्यानं करून बघायचं.

टायरमध्ये हवा किती, हा डोंगरातला मोठा प्रश्न. रस्त्याच्या सायकलला २५ ते २८ मिलिमीटर रुंदीचं टायर असतं आणि त्यात आम्ही ८० ते ९० पीएसआय हवा भरतो. डोंगरातलं टायर सव्वादोन इंच रुंद, त्यात २२ ते २६ पीएसआय. कमी हवेमुळे टायर दगडावर दबतं आणि मुरुमाला धरून राहतं. फार कमी केली तर रिम दगडावर आपटते.

आणि सराटे! पावसाळा सरला की पायवाटेच्या कडेला त्याचे वेल पसरतात आणि दिवाळीपर्यंत काटे वाळून टणक होतात. कसंही पडलं तरी एक टोक वर राहतं. त्याच्या जोडीला बाभळीचे काटे. आम्ही डोंगरातल्या सायकलींना ट्यूबलेस टायर घेतली ती यासाठीच. आत घातलेलं सीलंट छोटं भोक आपोआप बुजवतं. काटा दिसला म्हणून लगेच उपटायचा नाही. आधी चाक फिरवून काटा खाली आणायचा, म्हणजे सीलंट तिथे जमतं, मग काढायचा आणि चाक पुन्हा फिरवायचं. साधी ट्यूब असेल तर पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापड फिरवून बघायचं. काट्याचं तुटलेलं टोक आत राहिलं तर दहा मिनिटांत दुसरं पंक्चर.

पहिल्या मोठ्या पावसानंतर काळ्या मातीत सायकल घालायची नाही. चिखल टायरला चिकटून फोर्कमध्ये असा बसतो की चाक फिरेनासं होतं. वाटेवर पडलेल्या खोल चाकोऱ्या पुढे उन्हाळाभर तशाच राहतात. शेताचा बांध आपली शर्यतीची वाट नव्हे. उभ्या पिकातून जायचं नाही, काट्याचं कूपण सरकवलं तर परत लावायचं, आणि वाट कुणाच्या रानातून असेल तर विचारून जायचं. मामा स्वतः शेतकरी, त्यामुळे या बाबतीत ते कुणाची गय करत नाहीत.

संघाच्या बळावर समुद्र ते समुद्र

एकट्याचा पराक्रम वाटणाऱ्या शर्यतींमागेही संघ असतो, याचं मोठं उदाहरण नाशिकचं आहे. रेस अक्रॉस अमेरिका ही पॅसिफिकच्या किनाऱ्यावरून अटलांटिकच्या बाजूला नेणारी सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघातून ती नऊ दिवसांच्या मर्यादेच्या आत पूर्ण केली. हे करणारा तो पहिला भारतीय संघ. एक चालवायचा तेव्हा दुसरा गाडीत जेवायचा, झोपायचा. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्यानं पूर्ण केली, तसं करणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी काही तासांच्या अंतरानं नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोचले. निकालात एकच नाव असलं तरी मागच्या गाडीत खाणं, पाणी, झोप, दुरुस्ती आणि रस्त्याचा नकाशा सांभाळणारी माणसं रात्रंदिवस जागी होती.

आपल्या राज्यात पुण्याहून गोव्यापर्यंत सुमारे ६४३ किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर ही या अमेरिकन शर्यतीची पात्रता शर्यत आहे. ती एकट्यानं करता येते, तशीच संघ करून बारी-बारीनंही करता येते. २०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली, तेव्हा परदेशी संघ आपल्या घाटांत कसे रांग धरतात हे अनेकांनी प्रथमच जवळून पाहिलं.

सुरुवात करायची तर

महागडी सायकल नसेल तरी चालतं. आपल्या उंचीच्या मापाची आणि गिअर असलेली हवी. फ्रेम लहान-मोठी असली तर गुडघा आणि कंबर बोलायला लागते. हेल्मेट, मागे लाल दिवा, पुढे पांढरा दिवा, एक जादा ट्यूब, पंप, टायर काढायचे लिव्हर, एवढं असल्याशिवाय निघायचं नाही. फिटर म्हणून आणखी एक सांगतो. चेन कोरडी आणि मळकी ठेवू नका. फडक्यानं पुसा, प्रत्येक कडीवर तेलाचा एकच थेंब सोडा आणि वरचं तेल पुन्हा पुसून घ्या. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं, आणि ती धूळ चेनला कानशीसारखी खाते.

तासाभराहून जास्त चालवायचं असेल तर खात राहावं लागतं. दर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं हा सर्वमान्य हिशेब. मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम असतात. केळी, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की खिशात ठेवा. पाण्यात मीठ, साखर, लिंबू. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नऊच्या आत घरी या. एप्रिल-मेमध्ये ऊन चाळीसच्या वर जातं आणि तहान लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

लगेच शर्यतीत उतरायचं नसेल तर ब्रेव्हे करा. ही शर्यत नव्हे. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायचं असतं आणि क्रमांक लावत नाहीत. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. रांगेत चालवायची सवय यात छान लागते. चार माणसं जमली तरी संघ होतो. आठवड्यातून दोन दिवस एकत्र, बाकी दिवस आपापल्या सोयीनं, आणि त्यातले बहुतेक दिवस गप्पा मारता येतील अशा सावकाश वेगानं. रोज जोर लावणारा माणूस लवकर कंटाळतो नाहीतर जायबंदी होतो.

आता एक मागणी. तालुक्यात, जिल्ह्यात खुल्या शर्यती भरवणाऱ्या मंडळींनी वैयक्तिक बक्षिसांसोबत संघाचा निकालही लावावा. टूर दे फ्रान्समध्ये प्रत्येक टप्प्यावर संघातल्या पहिल्या तीन स्वारांच्या वेळा मिळवून संघाचा क्रमांक काढतात. आपल्याला एवढंच करायला कागद, पेन आणि घड्याळ पुरतं. वेगळा पैसाही लागत नाही. पण त्यानं मुलांच्या चालवण्यात फरक पडेल. तिसऱ्या माणसाची वेळ मोजली जाणार म्हटल्यावर पुढचे दोघं त्याला टाकून पळणार नाहीत, पंक्चर झालेल्यासाठी कुणीतरी थांबेल, ओढणाऱ्याची किंमत पाहणाऱ्यालाही कळेल. जिल्हा परिषदेच्या शाळांनी पाच-पाच मुलामुलींचे संघ करून मैदानावर, नाहीतर वाहनांसाठी बंद केलेल्या रस्त्यावर अशी शर्यत घ्यावी. आमचे सर, ताई, मामा आणि मी शिकवायला यायला तयार आहोत. सायकल घरोघरी आहेच. वारा वाटून कसा घ्यायचा, तेवढं शिकवायचं राहिलंय.